छान बोलते मुलगी

“दोन दिवस ही पोर बोलली कशी नाही?” ऑपरेशन करून बाहेर आलेला डॉक्टर डोक्यावरची टोपी काढत म्हणाला. त्याच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. “अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालाय. मोठा माणूस असता तर जमिनीवर गडाबडा लोळला असता. काहीच कशी बोलली नाही?” विचारलं आईबापांना दोघांनाही, पण आईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि प्रश्न आपोआप त्याच्या पदरात पडला. त्याला म्हणायचं होतं, बोलली होती की. न बोलायला काय झालं? आमच्या घरात एक वेळ चूल पेटणार नाही, पण बोलणं थांबणार नाही. बोलली होती, आणि फार छान बोलली होती. पण हे वाक्य ओठांवर यायच्या आत त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला आणि ते तिथेच राहिलं. डॉक्टर पुढे सांगत राहिला. पोट धुऊन काढलंय, नळी ठेवलीय. पण आत कुठल्या कोपऱ्यात पू राहिला असेल तर येत्या दोनचार दिवसांत ताप पुन्हा चढेल, नवं दुखणं सुरू होईल. ते वेळेवर कळलं तर ठीक, नाही कळलं तर मग आपल्या हातात फारसं काही नाही. “आम्ही विचारत राहू. तिनं फक्त खरं काय ते सांगायचं. सांगेल ना?” “सांगेल की,” तो म्हणाला. ताठ उभं राहून, डॉक्टरच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, आणि म्हणताना आपला आवाज किती खात्रीचा लागला तेही त्याने ऐकलं.

डॉक्टर गेल्यावर तो बाकावर बसला. बायको त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मुलीचे शाळेचे बूट मांडीवर घेऊन. ते खाली ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. मुलीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, ते तेरा वर्षांची झाली तरी सुटलं नव्हतं. आठवीतली पोर. सोमवारी संध्याकाळी तिला नेहमीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं ते त्यानेच. बायको ऑफिसातून यायची होती. “काय गं, काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं, आणि भिंगरी खुर्चीच्या कडेवर सरकून बसली, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. आधी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघितलं, मग हसली. “कालपासून पोटात थोडं दुखतंय, डॉक्टरकाका. सहन करण्यासारखं आहे. पण एक बरं झालं, त्यामुळे मला कळलं की अभ्यासाच्या नादात मी खाण्यापिण्याकडे लक्षच देत नव्हते.” म्हातारा खूश! “वा, वा! काय छान बोलते हो मुलगी! आमच्याकडे बाप्ये येतात ते नुसते आई गं, मेलो रे करत बसतात. असं मुद्देसूद कोण सांगतंय?” मग त्यांनी तिला आडवं करून पोट दाबलं. “इथं दुखतं?” तिने उत्तर द्यायच्या आधी डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडे, बापाकडे पाहिलं. बाप हनुवटी चोळत होता. “थोडंसं,” ती म्हणाली. म्हाताऱ्याने वाताच्या गोळ्या लिहून दिल्या. जिना उतरताना ती कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत उतरत होती, आणि तो, तिचा जन्मदाता बाप, मागून म्हणाला होता, “छान बोललीस. पण सरळ चाल, पोक काढू नकोस.”

हनुवटी चोळणं म्हणजे काय, हे त्या घरातल्या तिघांनाच माहीत. रोज रात्रीची जेवणं झाली की टेबल पुसून घ्यायचं, आणि मग बाप प्रोफेसर व्हायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तिथली एक बिनकाचांची जाड फ्रेम तो नाकावर चढवायचा, घशातून जरा खाकरायचा आणि विचारायचा, “तर मग, स्वतःबद्दल सांगा.” सुरुवातीला तिघंही हसून हसून लोळत. आई तर एकदा पाण्याचा घोट घेता घेता ठसकली होती. पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हतीच ती. पोरीला पुढे मुलाखत देऊन जिथे शिकायला जायचं होतं, ते परदेशातलं विद्यापीठ म्हणजे काय खायचं काम होतं? घरात त्याचं नावही कुणी घेत नसे, नुसतं ‘तिकडे’ म्हणत. तिकडे जायचं असेल तर, तिकडे असलं चालत नाही. मार्गदर्शनाचा धंदा करणाऱ्या एका बाईंकडे ते तिघं एकदाच गेले होते. भिंगरी तेव्हा सातवीत होती, तरी बाई म्हणाल्या, “तसा उशीरच केलात, पण हरकत नाही.” मग म्हणाल्या, मार्क सगळ्यांनाच असतात हो, मार्कांना तिकडे कोण विचारतंय, ते माणूस बघतात. झालं! हे वाक्य घेऊन तो घरी आला आणि त्याने ठरवलं की माणूस घडवायला बाईंची काय गरज, तो आपण घरीच घडवू. नियम साधेच होते. ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. ‘कंटाळा आला’ म्हणायचं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. अडचण विचारली तर ती लहान करून सांगायची आणि लगेच तिच्यापासून आपण काय शिकलो ते सांगायचं. रडगाणं ऐकायला तिकडे कुणाला वेळ नाही. उत्तर घसरलं की तो चमचा टेबलावर टक्‌ करून आपटायचा, आणि उत्तर जमून आलं की हनुवटी चोळायचा. शाबासकी तोंडाने द्यायची नाही, कारण तिकडे कुणी देणार नाही. पोर हुशार. थोड्याच दिवसांत तिला चमच्याची गरज राहिली नाही. चमचा उचलायच्या आत, नुसती बापाची भुवई हलली की ती वाक्याच्या मध्येच वळण घ्यायची, आणि ते वळण इतकं सफाईदार असायचं की त्याला कौतुकाने भरून यायचं.

अडचणीवरून मात्र पंचाईत झाली होती. ‘तुमच्या आयुष्यातला एक कठीण प्रसंग सांगा’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, आणि भिंगरीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही वाईट घडलेलंच नव्हतं. दोघं नवराबायको एका रविवारी सकाळी गंभीरपणे तिच्यासाठी संकट शोधत बसले. “आपल्याकडे एक धड संकट नाही,” तो वैतागून म्हणाला होता. “एवढंच अडलं असेल तर मी पडते जिन्यावरून,” बायको म्हणाली, “पाय मोडला तर चालेल ना, का जीवच द्यायला हवा?” हसण्यावारी गेलं खरं. पण त्याच संध्याकाळी त्याला आजोबा आठवले. त्याचे वडील. ते भिंगरीच्या दहाव्या वर्षी गेले. शेवटचे काही महिने त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ती शाळेतून आली की त्यांच्या पलंगावर चढून बसायची, दिवसभराचं काय वाट्टेल ते बडबडायची आणि त्यांच्या वतीने उत्तरंही आपणच द्यायची. पहिल्यांदा तिला हे सांगायला लावलं तेव्हा ती तिसऱ्याच वाक्याला हमसून हमसून रडली. त्याने वाट बघितली, पाणी दिलं. दुसऱ्यांदा डोळे भरले, पण वाक्यं पुरी झाली. मग हळूहळू कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, आजोबांच्या हाताबद्दल कधी बोलायचं आणि त्यावरून ‘न बोलणाऱ्या माणसाचं ऐकायला शिकले’ यावर कसं यायचं, हे सगळं बसलं. एका रात्री तिने ते असं काही सांगितलं की त्याच्या अंगावर काटा आला. ती सांगून संपली, ठरल्याप्रमाणे जरा हसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हनुवटी चोळली. स्वतःच्या बापाच्या मरणाची गोष्ट ऐकून त्याने हनुवटी चोळली. आता बाकावर बसल्या बसल्या त्याला ते आठवलं आणि स्वतःची किळस आली. ज्या हाताने चोळली तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

आणि हे सगळं कुणासाठी? पोरीसाठीच ना? त्याने हे स्वतःला अनेकदा सांगितलं होतं, आताही सांगून पाहिलं. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे त्याचे वडील म्हणायचे, आणि त्याने ते सोसलं होतं. अठरा वर्षांचा असताना तोही एका मोठ्या टेबलासमोर बसला होता. पलीकडच्या माणसांनी विचारलं, तुम्हाला इथं का यायचंय? तो म्हणाला, नीट माहीत नाही, घरचे म्हणाले जा. खरं तेच सांगितलं. टेबलापलीकडे हशा पिकला, चांगल्या मनाने हसले ते, आणि त्यातला एकजण म्हणाला, बरं बरं, या तुम्ही. तो दार लोटून बाहेर आला तेव्हाच त्याला कळलं होतं की संपलं. पुढे दुकान केलं, बरं चाललं, कुणाचं काही अडलं नाही. पण ते हसू त्याच्या मनातून गेलं नाही. गंमत बघा, दुकानात हाच माणूस दिवसभर उलटं सांगत असे. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून तो काचा बदलायचा आणि विचारायचा, आता बरं दिसतंय की मघाशी? कितीतरी माणसं तिथे परीक्षेला बसल्यासारखी बसत. न दिसणारी अक्षरं अंदाजाने ठोकून देत, काही तर आधीच्या माणसाचं ऐकून तक्ता पाठ करून येत, आणि मग विचारत, बरोबर ना? त्याला हसू यायचं. तो म्हणायचा, अहो साहेब, ही परीक्षा नाही. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, नाहीतर मी तुम्हाला चुकीचा चष्मा देईन आणि तुम्ही खड्ड्यात पडाल. रोज म्हणायचा. आणि दुकान बंद करून घरी यायचा, जेवायचा, टेबल पुसायचा.

“मला तरी कुठे सांगितलं तिनं?” बायको एकाएकी म्हणाली. “मंगळवारी सकाळी मी विचारलं, बरं आहे का गं? तर म्हणाली, खूप बरं वाटतंय आई, काळजी करू नकोस. शाळेत उलटी झाली होती तिला, हे मला आज तिच्या बाईंनी सांगितलं. मला वाटलं, चला, पोरगी शहाणी झाली.” मग बूट उलटे करून तिने त्यांचे तळवे बघितले, उगाचच. “तुझ्यासमोर ती परीक्षेला बसते, हे माहीत होतं मला. माझ्यासमोरही बसते हे नव्हतं माहीत.” त्याला वाटलं ही आता आपल्याला बोलेल, चांगलं फाडून खाईल, आणि खाल्लं तर बरं होईल. पण ती एवढंच म्हणाली, “शनिवारचे ते भाषणाचे वर्ग मीच लावले होते,” आणि रडायला लागली. तिच्या रडण्यामुळे त्याला जुनी भिंगरी आठवली. काय रडायची ती! एवढंसं खरचटलं तरी सगळी आळी गोळा करायची. चारएक वर्षांची असताना दुकानातल्या उंच स्टुलावरून पडली, आणि उठून, गुडघा वर करून, दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना दरडावून म्हणाली, “मला लागलंय! इकडे बघा! सगळ्यांनी बघा!” एका बाईंनी कानातलं डूल काढून तिला खेळायला दिलं तरी गडी ऐकेना, सगळ्यांनी वाकून गुडघा बघितल्यावरच थांबली. आजोबा म्हणाले होते, हिची काळजी नको, ही कुठंही गेली तरी हिला काय होतंय ते जगाला कळेल.

भिंगरी त्या संध्याकाळी शुद्धीवर आली. दोन दिवस बरे गेले, म्हणजे सगळे तसं म्हणत होते. तिला विचारलं की ती म्हणायची, बरं वाटतंय. सलाईनची सुई बदलताना नर्स म्हणाली, दुखेल हं जरा, तर ही म्हणाली, चालेल सिस्टर, तुम्ही दिवसभर किती काम करता. नर्स ही गोष्ट वॉर्डभर सांगत सुटली. अशी पेशंट बघितली नाही बाई, शिकवण लागते त्याला. बाप पलंगाशी बसून हे ऐकायचा. त्याला पोरीचा चेहरा वाचता येईना. सगळ्या जगाच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, त्याला समोरच्या दोन डोळ्यांत काय आहे ते कळत नव्हतं, कारण ते डोळे त्याच्याकडेच बघत होते, त्याला काय हवंय ते शोधत. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला. डॉक्टर आला, त्याने कागद बघितले, पोटावर हात ठेवला, विचारलं, आणि उत्तर मिळालं, “तसं ठीक आहे.” दाराबाहेर येऊन तो नर्सला म्हणाला, “पोटाचा फोटो काढूच, पण दुखणं कुठं सरकलंय ते तिच्याकडून काढा. पुन्हा आत जावं लागलं तर मला आज ठरवायला हवं, उद्या नाही.” हे त्याने आईबापांच्या देखतच म्हटलं.

नर्स पलंगावर टेकली. थोराड, बसक्या आवाजाची बाई होती. “हं, सांग बाळ, कुठं दुखतंय?” भिंगरी उशीवर जरा वर सरकायला बघत होती, पाठ सरळ करायला. तापाने तिचे गाल तांबडे झाले होते आणि ओठांना सालं सुटली होती. “खरं तर कालच्यापेक्षा खूप बरं आहे,” ती म्हणाली. “सगळेजण इतकी काळजी घेतात ना.” आणि हसली. तो पुढे झाला, त्याने पलंगाची दांडी धरली. “भिंगरे, नाही. खरं सांग.” तिने त्याच्याकडे चमकून पाहिलं, आणि मान हलवली. उत्तर चुकलं होतं, तेव्हा दुसरं द्यायला हवं. “थोडं दुखतंय,” तिने नव्याने सुरुवात केली, “पण दुखण्यामुळेच आपल्याला...” “पण नको! पण नको गं!” तो जवळजवळ ओरडला. ती थांबली. तिची नजर त्याच्या कपाळावरून भुवयांवर आली, भुवयांवरून तोंडावर. त्याने चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला. माणसाला चेहरा कोरा करता येत नाही. तो जितका प्रयत्न करी तितकी ती अधिक निरखून बघे, आणि शेवटी अगदी हळू आवाजात, मदत मागावी तशी, तिने विचारलं, “बाबा, किती सांगू?”

नर्सने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा बापाकडे. तिच्या काय ध्यानात आलं कुणास ठाऊक, पण तिचा आवाज बदलला. “तुम्ही जरा बाहेर थांबा.” “मी बाप आहे तिचा.” “म्हणूनच म्हणते. व्हा बाहेर.” तो हलला नाही. त्याला वाटलं, आपण बाहेर गेलो आणि हिने पुन्हा गोड गोड काही सांगितलं तर? आपण इथे असलो तर निदान कळेल. आणि मग त्याला उमगलं की आपण इथे आहोत तोवर काहीच कळणार नाही. या खोलीत आपण उभे आहोत तोवर हिला पोट नाही, ताप नाही, फक्त उत्तर आहे. त्याने दांडी सोडली. पोरीची नजर त्याच्याबरोबर दारापर्यंत आली, हे त्याला पाठीवर जाणवत होतं. मागे वळून बघायची फार इच्छा झाली. तो वळला नाही. बायको आतच थांबली. त्याने दार ओढून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही.

“हां, गेला बघ बाबा,” आतून नर्सचा आवाज आला. “आता बोल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, माहीत आहे ना? इथं कुणी मार्क देणार नाहीये तुला.” समोरच्या भिंतीशी एक म्हातारा औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता, एक बाई फोनवर कुणाला तरी मटकी भिजत घाल म्हणून सांगत होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि तो दाराच्या फटीकडे कान लावून होता. “इथं?” नर्स म्हणाली. “इथं? की इथं?” आणि मग तो आवाज आला. तो ओळखायला त्याला क्षणभर लागला, इतकी वर्षं त्याने तो ऐकला नव्हता. घोगरा, बेसूर, श्वास तुटलेला. “हात नको लावू! नको लावू ना! दुखतंय! इथं, वर, बरगडीखाली, श्वास घेतला की खूप दुखतंय, परवापासून दुखतंय, रात्रभर दुखत होतं, आई, आई गं, मी मरणार आहे का?” नर्सने दाराशी येऊन डॉक्टरला हाक मारली. डॉक्टर जवळजवळ पळतच आत गेला. आत भराभर बोलणं सुरू झालं, कुणीतरी चाकांची खाट आणायला धावलं. ती रडतच होती. शेंबूड ओढत, शब्द गिळत, पुन्हा पुन्हा तेच तेच सांगत होती, आणि तिच्या बोलण्याला ना सुरुवात होती ना शेवट. त्याला भयंकर भीती वाटली आणि त्या भीतीतच, लाज वाटावी इतकं, बरंही वाटलं. कळलं, वेळेवर कळलं बहुतेक. आता तिला धरायला हवं होतं. चारएक वर्षांची असताना धरत होता तसं, डोकं छातीशी घेऊन. त्याने दाराला हात लावला.

“बाबाला नको!” ती आतून ओरडली. दार हललेलं तिला दिसलं असणार. “आई, बाबाला आत नको येऊ देऊ! तो आला की मला सांगता येत नाही!”

बायको दारात आली. तिचे डोळे सुजले होते, आणि एका हाताने तिने मागे पोरीचा हात धरून ठेवला होता, त्यामुळे तिला अर्धवटच बाहेर डोकावता येत होतं. 

“ऐकलं,” तो म्हणाला.

आणि तो दारापासून मागे सरला, चाकांच्या खाटेला वाट करून दिली, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तिला दिसणार नाही अशा बाजूला.